भाऊ येई ऱ्हायना

(दृश्य : सकाळचे दहा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी. फाट्यावर एसटी थांबते.)

अमळनेरहून आलेली एसटी फाट्यावर थांबते. उतरणाऱ्या चार-सहा माणसांत दोन शिक्षक असतात. पुढची वाट पायी, काळ्या मातीतून. पावसाळ्यात चपला हातात घ्याव्या लागतात, आता वाट वाळली आहे.

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते आठवी. आपण जाणार आहोत वरच्या तीन वर्गांत. सहावी, सातवी, आठवी. या वयाची मुलं धड लहान नसतात आणि धड मोठीही नसतात. घरात त्यांना कामं सांगितली जातात, पण त्यांना विचारत कुणी नाही.

गावाचं नाव आम्ही सांगणार नाही. ही अट शाळेचीच. हेडसर म्हणाले, "नाव कळलं की पाहुणे येतात. पाहुणे आले की रांगोळी काढावी लागते, स्वागतगीत बसवावं लागतं, आणि त्या दिवशी वाचन राहून जातं."

(दृश्य : मैदान. परिपाठ.)

साडेदहाचा टोल. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या. महाराष्ट्रात मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही हा क्रम झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. सुविचार वाचायचा सूरसुद्धा सगळीकडे एकच, पहिला शब्द उंच आणि शेवटचा गिळलेला. आणि खरं सांगायचं तर तो सुविचार ऐकत कुणीच नसतं.

बातम्यांच्या वेळी मात्र इथे एक छोटा बदल केलेला आहे. बातमी वाचून झाली की कागद खाली ठेवायचा आणि तीच बातमी तोंडाने सांगायची. आज पाळी सातवीतल्या एका मुलीची आहे. तिच्या हातात कापसाच्या बाजाराची बातमी. वाचताना ती कुठेच अडखळली नाही. कागद खाली ठेवला आणि गप्प झाली. 'आवक' या शब्दापाशी गाडी थांबली. सरांनी सांगितलं, आवक म्हणजे बाजारात आलेला माल. त्यावर मागच्या रांगेतून प्रश्न आला, "सर, आमचा कापूस मागच्या साली घरातच पडून होता. त्याला काय म्हणायचं?"

सगळी पोरं हसली. सर हसले नाहीत. म्हणाले, "साठा."

(दृश्य : वर्ग. कोपऱ्यात लोखंडी कपाट. कुलूप.)

हे कपाट आता उघडं असतं. पूर्वी नसायचं, आणि त्यात कुणा एकाचा दोष नव्हता. शाळेत आलेलं प्रत्येक पुस्तक डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढतं. एकदा चढलं की ते सरकारी वस्तू होतं, घंटेसारखं, खुर्चीसारखं. फाटलं, हरवलं तर जबाब द्यावा लागतो. मग शहाणा शिक्षक काय करणार? कुलूप लावणार. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्यात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं असं लिहिलं आहे, आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं असावीत असंही. पुस्तकं आली, रजिस्टरात चढली, कपाटात गेली. कायदा पाळला गेला आणि पुस्तकं वर्षानुवर्षं कोरीच राहिली.

इथल्या मराठीच्या मॅडमनी एक दिवस वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधली आणि पुस्तकं मधोमध उघडून तिच्यावर टाकली, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. त्यांनी नोंदवहीत चार रकाने आखले. पुस्तकाचं नाव, नेणाऱ्याचं नाव, परत आणल्याची तारीख, शेरा. वही मुलांच्याच हातात. शेऱ्याचा रकाना आम्ही बराच वेळ वाचत बसलो. 'पान १४ वर हळद.' 'भावाने मिशा काढल्या.' 'चांगलं आहे पण शेवट घाईत.' यातला तिसरा शेरा आमच्या मते बऱ्याच समीक्षकांनी शिकून घेण्यासारखा आहे.

सुतळीवर सगळ्यात जास्त हाताळलेले दिसतात ते 'किशोर'चे अंक. हे मासिक बालभारती १९७१ पासून काढते आहे. जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, म्हणून मॅडमच्या मोबाइलवरही ते वाचले जातात. पण मोबाइल एक आणि डोकी बारा. तिथे भांडणं होतात. सुतळीवर होत नाहीत.

(दृश्य : जेवणाची सुट्टी संपलेली. सहावीचा वर्ग. प्रकट वाचन.)

आता नीट ऐका. एक मुलगा उभा राहून वाचतो आहे. पुस्तकात छापलेलं वाक्य असं आहे : 'म्हाताऱ्याने त्याला पाणी दिलं.' मुलाने वाचलं : 'म्हतारानी त्याले पानी दिधं.'

वर्गात कुणीही हसलं नाही, कारण वर्गातल्या बहुतेकांच्या घरी असंच बोलतात. ही अहिराणी. खानदेशात घरोघरी बोलली जाणारी. मुलगा पाच वर्षं शाळेत आला, पाच वर्षं त्याने पुस्तकातली मराठी वाचली, आणि आज त्याच्या डोळ्यांनी मराठी पाहिली तरी तोंडातून अहिराणी आली.

ही चूक आहे का? तपासणीला आलेला माणूस लाल गोल करेल. मॅडमनी केला नाही. त्यांचं म्हणणं साधं आहे. ज्याला वाक्य कळलंच नाही, तो अक्षराला अक्षर लावून ते जसंच्या तसं वाचतो, आणि खाली बसला की विसरतो. या मुलाने वाक्य आत घेतलं आणि स्वतःच्या भाषेत बाहेर दिलं. पाणी कोणी कोणाला दिलं हे त्याला पक्कं कळलेलं आहे. "छापल्यासारखं कसं वाचायचं ते मी त्याला महिनाभरात शिकवीन," मॅडम म्हणाल्या. "समजून वाचायला नाही शिकवता येत महिनाभरात."

२००५ पासून 'असर' नावाचं सर्वेक्षण गावोगावी घरी जाऊन मुलांना वाचायला लावतं. त्यातला सगळ्यात अवघड उतारा दुसरीच्या पातळीचा असतो. आठवीच्या मुलासमोरही तोच ठेवतात, आणि तो वाचता न येणारी आठवीची मुलंही सापडतात. त्या आकड्यांच्या बातम्या दर वेळी येतात, चार दिवस चर्चा होते. 'त्याले' म्हणणाऱ्या मुलाचं काय करायचं, हा प्रश्न त्या चर्चेत आम्हाला कधी ऐकू आला नाही.

(दृश्य : गावातलं मारुतीचं देऊळ. ओटा. पोथीचं लाकडी घोडं.)

यावर मॅडमनी जो उपाय काढला तो कुठल्या प्रशिक्षणातून आलेला नाही. तो या देवळातून आलेला आहे. श्रावणात गावात पोथी लावतात. एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. वाचणारा पोथीच्या भाषेत, सांगणारा गावाच्या. पिढ्यान् पिढ्या ज्या बायाबापड्यांना अक्षर येत नव्हतं, त्यांनी अशीच पोथी ऐकली, आणि पुढच्या ओवीत काय येणार हे वाचणाऱ्याच्या आधी त्यांना ठाऊक असायचं.

तर वर्गातही पोथी लावतात. शब्दही तोच आहे. "मॅडम, आज पोथी कुणाची?" म्हणजे आज वाचणार कोण आणि सांगणार कोण. एक मूल पाठातला परिच्छेद वाचतं, शेजारचं तो अहिराणीत सांगतं, आणि बाकीचे टोकतात. वाचणाऱ्याला नाही, सांगणाऱ्याला. "असं कुठे लिहिलंय?" "तू मधलं गाळलं!" मग पुस्तकात पुन्हा डोकं घालावं लागतं. आम्ही पाहिलं, एकच परिच्छेद अर्ध्या तासात सात वेळा वाचला गेला आणि 'पुन्हा वाचा' असं मॅडम एकदाही म्हणाल्या नाहीत.

(दृश्य : गावचा पार. दोरीला टांगलेला कार्डशीट. चष्मा शोधणारे म्हातारे.)

सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी पारावर हा कागद लागतो. सातवी-आठवीची मुलं तो हाताने लिहितात. आज फाट्यावर व्यापारी कापूस कुठल्या भावाने मागत होता. एसटीची दुपारची फेरी बदलली. आशाताईंनी सांगितलेली लसीकरणाची तारीख. कुणाची तरी शेळी सापडत नाही, कान तुटका.

या तालुक्यात हाताने लिहिलेल्या कागदाला एक जुना आधार आहे. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयात मुलांबरोबर राहत. त्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने 'छात्रालय' नावाचं दैनिक लिहीत. दैनिक, म्हणजे रोज. छापखाना नाही, वर्गणी नाही, वाचक फक्त छात्रालयातली मुलं. पुढे १९३० साली त्यांनी नोकरी सोडली आणि सत्याग्रहात उडी घेतली. त्यांची पुस्तकं महाराष्ट्रभर वाचली गेली, पण त्या आधी मूठभर मुलांसाठी रोज इतकं लिहिणारा हा माणूस आम्हाला जास्त ओळखीचा वाटतो.

पारावरच्या कागदाने एकदाच थोडी खळबळ उडवली. गावच्या पाण्याच्या टाकीवर, टाकी धुतल्याचा दिनांक रंगाने लिहिलेला असतो. सगळे रोज तिच्याखालून जातात. आठवीच्या मुलांनी तो दिनांक जसाच्या तसा कागदावर उतरवला. वर काही नाही, खाली काही नाही. टीका नाही, मागणी नाही. त्याच आठवड्यात टाकी धुतली गेली आणि नवा दिनांक पडला. मुलांनी तोही उतरवला.

कागदापाशी संध्याकाळी दोन मुलं उभी राहतात, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायला. पहिल्या आठवड्यात बाया पाराकडे फिरकल्याच नाहीत. पार हा पुरुषांचा. मग मुलींनी दुसरा कागद काढला आणि तो हातपंपाजवळ लावला. हंडा भरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एक बातमी होते.

(दृश्य : झटपट तुकडे. कुंभाराचं अंगण. परसबाग. खिचडीचं पातेलं.)

बाकीचे उपक्रमही आहेत, आणि ते तुमच्या ओळखीचे आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवले. सुतार, माळी, कुंभार अशांकडे जाऊन काम शिकायचं. पोळ्याच्या आधी मुलं कुंभाराकडे बसली आणि मातीचे बैल करून आली. बैलांचे पाय वाकडे, पण शिंगं झकास. शाळेमागे परसबाग आहे, मेथी आणि भोपळा. पोषण आहाराच्या फलकावर लिहिलेलं असतं, पाचवीपर्यंत रोज माणशी १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावीपासून १५०. हे वाचून सहावीत नुकत्याच आलेल्या एका मुलाने आपल्या ताटाकडे ज्या समाधानाने पाहिलं, ते आमच्या कॅमेऱ्यातून निसटलं याचं वाईट वाटतं.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. त्या दिवशी राज्यभर मुलं हातात पुस्तक धरून रांगेत बसतात, फोटो निघतात, फोटो ग्रुपवर जातात. इथूनही जातात. त्यात वावगं काही नाही. फक्त फोटोतलं पुस्तक काही वेळा उलटं धरलेलं असतं, आणि हे आम्ही याच शाळेबद्दल म्हणत नाही.

(दृश्य : शेत. कापूस वेचणाऱ्या बाया. त्यांच्यात दोन मुली, कमरेला ओटी बांधलेल्या.)

याच सुमाराला कापूस फुटतो. हजेरीपटावर 'गै' वाढू लागतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते आणि लहान बोटं चपळ असतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असं कायदा सांगतो. इथेही ते आहेत, आणि दर वर्षी या दिवसांत समितीच्या बैठकीला पालकच नसतात. तेही शेतात असतात. कोणाला काय सांगणार?

शाळेने एवढंच केलं की पुस्तक न्यायची मर्यादा या दिवसांत काढून टाकली. हवी तेवढी न्या, हवी तेव्हा आणा. एका पुस्तकातून कापसाचं बोंड निघालं, खूण म्हणून ठेवलेलं. पुस्तक कुठपर्यंत वाचलं गेलं ते त्या बोंडावरून कळत होतं. अर्ध्याच्या थोडं पुढे.

(दृश्य : संध्याकाळ. गुलाबाई मांडलेली. मुलींचा घोळका.)

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत खानदेशात मुली गुलाबाई, म्हणजे पार्वतीची मातीची मूर्ती, मांडतात. रोज संध्याकाळी या घरून त्या घरी, गाणी म्हणायची, आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा. गाणी आई-आजींकडून आलेली. पूर्वी एकेकीला तीस-चाळीस यायची म्हणतात. आताच्या मुलींना पाच-सहा येतात, आणि तीही मोबाइलवर ऐकलेली.

म्हणून सातवीच्या वर्गाने यंदा ठरवलं की आजीची गाणी लिहून आणायची. मुलगे कुरकुरले, हे पोरींचं काम. मॅडमनी त्यांना बहिणाबाईंची गोष्ट सांगितली.

गोष्ट जळगावजवळच्या आसोद्याची. बहिणाबाई चौधरी तिथे १८८० साली जन्मल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या ओव्या जुळवत आणि म्हणत, आणि म्हटलेली ओवी हवेत जाई. काही मात्र राहिल्या, कारण मुलगा सोपानदेव आणि एक नातलग यांनी ऐकता ऐकता उतरून घेतल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. दुसऱ्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्यांची गाणी पुस्तकात आली, आणि आज जळगावचं विद्यापीठ त्यांच्या नावाने आहे. "उतरून घेणारा मुलगाच होता," मॅडम म्हणाल्या. कुरकुर थांबली. निदान मोठ्याने होणारी.

पण लिहायला बसल्यावर खरी अडचण उभी राहिली. अहिराणी लिहायची कशी? बोलताना कुणालाच अडत नाही. वहीत मात्र एकाच शब्दाची तीन रूपं झाली. 'ऱ्हायना', 'रायना', 'राहिना'. अहिराणीत 'येई ऱ्हायना' म्हणजे येतो आहे. पण तेच कुणी 'राहिना' असं लिहिलं आणि मराठी शाळेत शिकलेल्या माणसाने वाचलं, तर त्याला वाटेल, काहीतरी होत नाहीये. झोप येईना, पाऊस थांबेना, तसं राहिना. येणारा माणूस एका अक्षराने न येणारा होऊन बसतो. शुद्धलेखनाचा इतका जिवंत तास आम्ही आमच्या शाळेत कधी पाहिला नव्हता. फळ्यावर मतं मांडली गेली, मतदान झालं. 'ऱ्हायना' जिंकला. हरलेल्यांनी निकाल मानला नाही.

(दृश्य : एका घराचा ओटा. म्हातारी, समोर नात. वही, पेन्सिल, खोडरबर.)

ही मोठी माय. आजीला इकडे मोठी माय म्हणतात. वय तिला नक्की सांगता येत नाही. 'दुष्काळाच्या आधी लग्न झालं' एवढं ती सांगते. शाळेची पायरी ती चढली ती पहिल्यांदा मुलाचं नाव घालायला, आणि मग नातीचं.

नातीने काल तिचं एक गाणं उतरून घेतलं. आज ते वाचून दाखवायचं आहे. वर्गाचा नियम आहे, ज्याचं गाणं त्याला वाचून दाखवल्याशिवाय ते भिंतीवर लागणार नाही.

नात वाचते. पहिली ओळ. मोठी माय मान हलवते. दुसरी ओळ. मान हलते, हातातली वात वळणं चालूच आहे. नात तिसरी ओळ वाचते. सासरी बसलेली बहीण वाटेकडे डोळे लावून आहे, आणि भाऊ...

वात थांबते.

"काय म्हनी?"

नात पुन्हा वाचते. मुलगी हरलेल्या पक्षातली आहे. तिने वहीत 'राहिना' लिहिलं आहे, आणि लिहिलं तसंच वाचते आहे, पुस्तक वाचावं तशी, शाळेच्या सुरात.

मोठी माय आमच्याकडे बघते, मग कॅमेऱ्याकडे, मग नातीकडे. "तो येई ऱ्हायना," ती म्हणते. "तू तं त्याले परत धाडी दिधं."

नात खोडरबर उचलते. कागद पातळ आहे, आधीही एकदा खोडलेला. ती जपून खोडते, फुंकर मारते, पेन्सिलीला टोक आहे का बघते.

"मोठी माय, परत म्हन. हळू म्हन."